‘खणू नका’ म्हणू शकेल असा मेटल डिटेक्टर : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

हेतू आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कितीही फाटे फुटले तरी परत येता येईल. मेटल डिटेक्टरचे तंत्र येत्या दहा-वीस वर्षांत कुठे जाईल, याचा अंदाज मला वाचून नाही, यंत्र बांधून घ्यायचा आहे. पल्स इंडक्शन पद्धतीची (चुंबकीय क्षेत्राचा झटका देऊन धातूचा प्रतिसाद ऐकणारी) एक कॉइल, तिच्यामागे सिग्नलचे आकडे करणारा वेगवान एडीसी, आणि प्रत्येक पल्सचा कच्चा सिग्नल जसाच्या तसा साठवणारी फाइल, एवढे सामान. त्याच फाइलमध्ये कॉइल त्या क्षणी कुठे होती याचीही नोंद हवी. बाजारातले डिटेक्टर सहसा या सगळ्याचा एक आवाज किंवा पडद्यावरचा एक आकडा करून देतात; मधली सगळी माहिती आतच विरते.

माझा कयास असा : खोली वाढण्याचे दिवस जवळपास संपले आहेत. पुढची मोठी झेप असेल ती ओळखण्याची. ‘इथे धातू आहे’ हे यंत्र कधीपासूनच सांगते. ‘आहे, पण खणण्याजोगे नाही’ हे खात्रीने सांगणारे यंत्र आले, तर ज्यांना खणताना जीव धोक्यात घालावा लागतो त्या सुरुंग काढणाऱ्यांचे काम बदलून जाईल. मला या प्रकल्पात रस आहे तो त्यांच्यासाठी.

१९ जानेवारी

आज नुसता कागद आणि पेन्सिल. खोलीचा हिशेब.

कॉइलमधून निघालेले चुंबकीय क्षेत्र, कॉइलच्या व्यासाहून बरेच लांब गेल्यावर, अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. त्या क्षेत्रामुळे धातूच्या तुकड्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह, फिरू लागतात. त्या करंटचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि ते कॉइलकडे परत येताना पुन्हा घनाच्याच प्रमाणात क्षीण होते. जाणे-येणे मिळून अंतराचा सहावा घात. म्हणजे तुकडा दुप्पट खोल गेला की सिग्नल ६४ पट कमी.

ही तूट भरून काढायला कॉइलमधला करंट ६४ पट करायचा म्हटले तर वीज करंटच्या वर्गाने लागते : ४०९६ पट. करंट तोच ठेवून अनेक पल्सची सरासरी घ्यायची म्हटले, तर नॉइज मोजमापांच्या संख्येच्या वर्गमुळानेच घटतो, म्हणजे एकाच जागी ४०९६ पट वेळ उभे राहावे लागेल. नुसती दहा टक्के जास्त खोली हवी असेल तरी सिग्नल १.७७ पट लागतो. बॅटरी सुधारेल, ॲम्प्लिफायर आणखी शांत होतील, पण सहाव्या घातापुढे ही सुधारणा फार लवकर थकते.

माती सिग्नल शोषून घेते म्हणून खोली मिळत नाही, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तोही आकडा काढून पाहिला. विद्युत वाहकता मीटरला ०.०१ सीमेन्स असलेल्या मातीत १० किलोहर्ट्झच्या क्षेत्राची स्किन डेप्थ, म्हणजे ते फारसे क्षीण न होता शिरते ती खोली, सुमारे ५० मीटर येते. डिटेक्टरचे काम चालते अर्ध्या-एक मीटरच्या आत. तेव्हा माती जवळजवळ पारदर्शक आहे. आडवी येते ती भूमिती. (समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मात्र हाच आकडा अडीच मीटरपर्यंत खाली येतो. तिथली गोष्ट वेगळी.)

मोठी कॉइल घेतली तर मोठ्या वस्तू खोलवर सापडतात, पण नाण्याएवढ्या वस्तू तिच्या क्षेत्रात हरवून जातात. फुकटची खोली कुठेच नाही.

२६ जानेवारी

इतिहास चाळला तो एवढ्याचसाठी, की मूळ अडचण किती जुनी आहे ते कळावे.

१८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी इंडक्शन बॅलन्सवर (धातू जवळ आला की कॉइलमधला तोल बिघडतो या तत्त्वावर) आधारलेले यंत्र तयार केले. यंत्र चालत होते. आड आल्या त्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगा. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरात गारफील्ड गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांनी हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत त्याचा उपयोग झाला. तेव्हाही यंत्र धातू दाखवायचे आणि तो सुरुंग आहे की कपचा, ते माणसाने जमीन टोचून ठरवायचे.

बेल यांच्या यंत्राची अडचण नुसत्या संवेदनक्षमतेची नव्हती. कमी पडला तो विवेक, हवे आणि नको यांतला फरक ओळखण्याचा. आजही शेतात, किनाऱ्यावर, सुरुंग पेरलेल्या माळावर हीच रड आहे.

९ फेब्रुवारी

कॉइल गुंडाळून झाली. व्यास २५ सेंटिमीटरच्या आसपास, इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीजवळ. मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचने करंट सोडायचा, झटकन तोडायचा, तुटताना उसळणारे काहीशे व्होल्ट डॅम्पिंग रेझिस्टरने शमवायचे आणि मग ऐकायला सुरुवात करायची.

पल्स इंडक्शनचे तत्त्व मडके टिचकी मारून पारखण्यासारखे आहे : टिचकी एकदाच, पारख सगळी नंतरच्या नादावरून. क्षेत्र अचानक तुटले की धातूत एडी करंट उठतात आणि हळूहळू विरतात. किती वेळात विरतात, तो त्या तुकड्याचा टाइम कॉन्स्टंट. चुंबकत्व नसलेल्या धातूच्या गोळीसाठी तो वाहकता गुणिले त्रिज्येचा वर्ग या प्रमाणात असतो. तांब्याच्या ५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीसाठी गणिताने सुमारे १८५ मायक्रोसेकंद येतात. सोन्याच्या १ मिलिमीटर त्रिज्येच्या कणासाठी फक्त ५.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पल्स तुटल्यावर माझे सर्किट शांत होऊन ऐकू लागेपर्यंत साधारण १० मायक्रोसेकंद जातात. तोवर त्या सोन्याच्या कणाचा सातवा हिस्साच सिग्नल उरलेला असतो. कण अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर काहीच उरत नाही. बारीक सोने शोधणारे लोक उंच वारंवारतेचे व्हीएलएफ (पल्सऐवजी सतत बदलते क्षेत्र सोडणारे) डिटेक्टर का वापरतात, त्याचे उत्तर यात आहे.

१६ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यातल्या विचाराचा धागा. पुढच्या पिढीत सगळ्यात आधी बदलेल तो हा १० मायक्रोसेकंदांचा आंधळा काळ. गॅलियम नायट्राइडचे स्विच मोबाइलच्या चार्जरपर्यंत पोहोचले आहेत; त्यांचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवून धरण्याचा गुण) फार कमी असतो, म्हणून ते वेगाने उघडझाप करतात. वेढे सुटे-सुटे ठेवून गुंडाळलेली, कमी कपॅसिटन्सची कॉइल त्यांच्या जोडीला आली, तर ऐकणे २-३ मायक्रोसेकंदांवरच सुरू करता येईल असे मला वाटते. ही झेप नाट्यमय नाही, पण यासाठी नव्या भौतिकशास्त्राची गरज नाही, म्हणून मी तिच्यावर पहिली पैज लावतो.

२ मार्च

आता खरा पेच.

टाइम कॉन्स्टंटमध्ये वाहकता आणि आकार एकमेकांत मिसळून येतात. ५ मिलिमीटरची तांब्याची गोळी, सुमारे ६ मिलिमीटरची सोन्याची आणि ६.२ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची, या तिघींचा टाइम कॉन्स्टंट एकच. कॉइलला त्यांच्यातला फरक कळायला या एका आकड्यात काहीच नाही. ‘फक्त सोने ओळखतो’ म्हणून ज्या यंत्राची जाहिरात होते, त्याने या समीकरणातून कशी वाट काढली, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने जरूर विचारावा.

पण आणखी एक आकडा हाती लागला तर पेच सुटतो. पल्स तुटल्याच्या अगदी पहिल्या क्षणी गोळीत उठणाऱ्या करंटची एकूण ताकद कुठल्याही चुंबकत्व नसलेल्या धातूसाठी सारखीच असते. ती अवलंबून असते फक्त त्रिज्येच्या घनावर. म्हणजे सुरुवातीच्या सिग्नलवरून आकार, आकार आणि टाइम कॉन्स्टंट मिळून वाहकता, आणि वाहकतेवरून धातू. अडचण एवढीच की सिग्नलची उंची खोलीवरही अवलंबून आहे, आणि खोली माहीत नाही.

खोली कळू शकते. कॉइल तुकड्यावरून सरकताना सिग्नल कसा चढतो आणि उतरतो, त्या टेकडीच्या रुंदीत खोली दडलेली असते. उथळ तुकड्याची टेकडी अरुंद, खोल तुकड्याची पसरट. मात्र त्यासाठी कॉइल प्रत्येक क्षणी कुठे आहे ते ठाऊक हवे. म्हणूनच जागेच्या नोंदीचा मी पहिल्या दिवसापासून हट्ट धरला. वाळूने भरलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीवर कॅमेरा टांगला आहे आणि कॉइलच्या दांड्यावर छापील चौकोनी खुणा चिकटवल्या आहेत. खिळा एकही नको म्हणून टाकीखालचे टेबल लाकडी जोडांचे.

१६ मार्च

टाकीतली पहिली मोजमापे गणिताशी जुळत आहेत. आता चूक किती येऊ शकते त्याचे गणित.

सिग्नल खोलीच्या सहाव्या घाताने बदलतो, त्यातून त्रिज्या घनमूळ काढून मिळते, म्हणजे त्रिज्येतली चूक खोलीतल्या चुकीच्या दुप्पट. वाहकता त्रिज्येच्या वर्गाने भागून मिळते, म्हणजे तिथे आणखी दुप्पट. एकूण खोलीत जेवढ्या टक्क्यांची चूक, तिच्या चौपट वाहकतेत. खोलीत ५ टक्के चुकलो तर वाहकतेत २० टक्के.

शुद्ध तांबे आणि शुद्ध सोने यांच्या वाहकतेत सुमारे ४० टक्क्यांचा फरक आहे. ते वेगळे काढता येतील. सोने आणि ॲल्युमिनियम यांच्यातला फरक १० टक्क्यांच्या आत. ते वेगळे करायचे तर खोली टक्का-दोन टक्क्यांच्या अचूकतेने हवी, म्हणजे २० सेंटिमीटर खोलीवर दोन-चार मिलिमीटर. टाकीत, टांगलेल्या कॅमेऱ्याखाली हे जमेल. उभ्या गवतात, चालत्या माणसाच्या हातात अजून नाही. शिवाय हे सगळे गोळीसाठी. चपट्या, वाकलेल्या, पोकळ वस्तूंचे गणित याहून अवघड. आणि दागिन्यातले सोने मिश्रधातूचे असते, त्याची वाहकता शुद्ध सोन्याहून बरीच कमी.

माझा अंदाज इथे पक्का होत चालला आहे : भविष्यातला डिटेक्टर ‘हे सोने आहे’ असे बहुधा कधीच छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘हा तुकडा अमुक आकाराचा, अमुक खोलीवर, आणि चुंबकीय लोखंडाचा’ हे तो नक्की सांगू लागेल. पुष्कळ कामांना तेवढे पुरते.

त्यासाठी लागणारी जागेची अचूकता कुठून येणार? आरटीके पद्धतीच्या (जवळच्या स्थिर केंद्रावरून दुरुस्ती घेणाऱ्या) जीएनएसएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या, रिसीव्हरने उघड्यावर एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जागा कळते. मोबाइलमध्ये असतात तसे ॲक्सिलरोमीटर आणि जायरो रिसीव्हरच्या दोन नोंदींच्या मधली हालचाल भरून काढतात. कॅमेरा जमिनीचा पोत पाहून सरकणे मोजू शकतो. तिन्ही एकत्र आले की मिलिमीटरांची भाषा शक्यतेच्या टप्प्यात येते. माझ्या मते डिटेक्टरच्या पुढच्या प्रगतीत कॉइलपेक्षा या गोष्टींचा वाटा मोठा असेल.

२३ मार्च

आज एआयबद्दल. सगळे विचारतात, म्हणून लिहून ठेवतो.

सिग्नलवरून वस्तू ओळखायला यंत्राला शिकवणे अवघड नाही. मी स्वतः टाकीतल्या नोंदींवर लहानसे मॉडेल चालवून पाहतो आहे आणि ते खिळे व नाणी चांगली वेगळी करते. पण ते माझ्या टाकीतले खिळे आणि माझ्या टाकीतली नाणी आहेत. माती बदलली, तुकडा तिरका झाला, दोन तुकडे शेजारी आले, की शिकलेल्याचा भरवसा कमी होतो. म्हणून माझी पसंती वेगळ्या क्रमाला आहे : आधी भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी खोली, आकार आणि विरण्याचे वक्र काढायचे, आणि मग फक्त त्या वक्रांवर शिकवलेले मॉडेल वापरायचे. असे मॉडेल का चुकले ते निदान शोधता तरी येते.

मोठ्या दाव्यांबाबत सावध राहायला कारणे आहेत. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शाळांच्या दारांत बसवल्या जाणाऱ्या एआय तपासणी यंत्रांच्या एका कंपनीवर, यंत्राच्या क्षमतेबद्दल दिशाभूल करणारे दावे केल्याचा आरोप ठेवून कारवाई केली. त्याआधीचे एडीई ६५१ चे प्रकरण तर भयंकर आहे. आत कुठलेही काम करणारे सर्किट नसलेली ही कांडी बॉम्बशोधक म्हणून इराकमध्ये विकली गेली आणि तपासणी नाक्यांवर माणसे तिच्यावर विसंबून राहिली. ती विकणारा जेम्स मॅक्कॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. ‘मैलभरावरून सोने दाखवतो’ म्हणणारी यंत्रेही याच कुळातली. १९ जानेवारीचा सहाव्या घाताचा हिशेब एकदा समजला की अशा यंत्राकडे दुसऱ्यांदा पाहण्याची गरज पडत नाही.

४ एप्रिल

आज संयुक्त राष्ट्रांचा भूसुरुंगविषयक जागृती दिवस. या प्रकल्पाचा गाभा आजच्या नोंदीत आहे, म्हणून सवडीने लिहितो.

कंबोडियात १९९२ ते १९९८ या काळात सुरुंग काढणाऱ्यांनी जमिनीतून सुमारे २० कोटी वस्तू उकरल्या. त्यांत सुरुंग किंवा दुसरी स्फोटके निघाली जेमतेम ५ लाख, म्हणजे ०.३ टक्क्यांहून कमी. उरलेले सगळे खिळे, पत्र्याचे तुकडे, काडतुसांची टरफले. आणि प्रत्येक तुकडा तो सुरुंगच आहे असे धरून, गुडघ्यांवर बसून, तिरकस टोचत, माती बोटभर-बोटभर बाजूला करत काढावा लागतो. डिटेक्टर वाजण्यात कमी पडत नाही. तो गरजेपेक्षा फार जास्त वाजतो. शिवाय प्लॅस्टिकच्या काही सुरुंगांत धातू एक ग्रॅमहूनही कमी असतो, त्यामुळे संवेदनक्षमता कमी करून कचरा गाळता येत नाही. कचऱ्याबरोबर सुरुंगही गाळला जाईल.

इथे खोली दहा टक्के वाढली तर कोणाचे काय भले होणार? पण १०० पैकी ५० आवाजांना ‘हे सोडा’ असे निर्धास्तपणे म्हणता आले, तर तेवढ्याच माणसांच्या हातून दुप्पट जमीन मोकळी होईल. शेत परत मिळेल, पाण्याची वाट उघडेल.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा आहे. न फुटलेले तोफगोळे पडून असलेल्या अमेरिकेतल्या जुन्या लष्करी सरावभूमींवर २००७ पासून वर्गीकरणाच्या चाचण्या सुरू झाल्या. अलाबामातली कॅम्प सिबर्ट ही पहिल्या जागांपैकी एक. अशा कामात वापरल्या गेलेल्या मेटलमॅपर नावाच्या यंत्रात एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन ट्रान्समीटर कॉइल आणि तीन-तीन दिशांत मोजणारे सात रिसीव्हर आहेत. पुरलेल्या वस्तूला तिन्ही बाजूंनी चुंबकीय क्षेत्राचा झटका द्यायचा आणि तिचा प्रतिसाद सगळीकडून ऐकायचा. त्यातून विरण्याचे तीन वक्र मिळतात, वस्तूच्या तीन मुख्य अक्षांचे. तोफगोळा लांबट आणि गोल छेदाचा असतो, म्हणून त्याचा एक वक्र मोठा आणि उरलेले दोन जवळजवळ एकमेकांवर बसणारे. फुटलेल्या कवचाच्या वेड्यावाकड्या कपच्याचे तिन्ही वक्र वेगवेगळे. वस्तू कितीही तिरकी पडली असली तरी हे वक्र बदलत नाहीत. हीच तिची खरी ओळख.

ही यंत्रे गाड्यावर ढकलायची किंवा वाहनाला जोडायची आहेत. सुरुंगाच्या शेतात चाक नेता येत नाही. तेव्हा माझा पुढचा प्रश्न ठरला : हीच माहिती हातात धरायच्या, दोन-तीन किलोच्या यंत्रात आणता येईल का? तीन दिशांच्या कॉइल शक्य नसतील तर एकच कॉइल अनेक जागांवरून, अनेक कोनांतून फिरवून तेच तीन वक्र काढता येतील का? तत्त्वतः येतात, कारण कॉइल बाजूला सरकली की तिचे क्षेत्र वस्तूला वेगळ्या कोनातून भेदते. पुन्हा गरज तीच : कॉइल नेमकी कुठे होती ते ठाऊक असण्याची.

२० एप्रिल

वाळू काढून टाकीत लोहयुक्त तांबडी माती भरली आणि एकदम सगळे बदलले.

अशा मातीत मॅगहेमाइटसारख्या चुंबकीय खनिजांचे अतिसूक्ष्म कण असतात. क्षेत्र तुटल्यावर ते एकदम शांत होत नाहीत, रेंगाळत शांत होतात. कॉइलमध्ये त्यांचा सिग्नल काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, धातूसारखा घातांकी नाही. हा फरकच सुटका करतो : दोन वेगवेगळ्या क्षणांचे नमुने योग्य प्रमाणात एकमेकांतून वजा केले की मातीचा हिस्सा जवळजवळ शून्य होतो. पल्स इंडक्शनच्या ग्राउंड बॅलन्सचे तत्त्व हेच. पण वजाबाकीत काही वस्तूंचा सिग्नलही जातो आणि त्या गायब होतात. पूर्ण वक्र साठवला असेल तर वजाबाकीची गरज नाही. माती आणि धातू दोघांचे मॉडेल एकदम बसवता येते. कच्चा सिग्नल जपण्याचे आणखी एक कारण.

दुसरी वाट म्हणजे दोन इंद्रिये. माइनहाउंड आणि जपानच्या तोहोकू विद्यापीठातून आलेले एएलआयएस यांत मेटल डिटेक्टरबरोबर जमीन भेदणारे रडारही आहे. डिटेक्टर धातू सांगतो, रडार सुरुंगाच्या प्लॅस्टिकच्या खोक्याएवढी काही वस्तू आहे का ते सांगते. खिळ्याभोवती खोके नसते. मला ही जोडी पुढे नेहमीची होताना दिसते आहे, मात्र ओल्या चिकणमातीत रडार कमजोर पडते, आणि तिथे पुन्हा कॉइलवरच भिस्त.

४ मे

क्वांटम सेन्सरबद्दल बरेच वाचले. ऑप्टिकल पंपिंगवर चालणारे अणूंचे मॅग्नेटोमीटर (प्रकाशाच्या साह्याने अणूंकडून चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे) प्रयोगशाळेत फेम्टोटेस्लापर्यंत, म्हणजे पिकोटेस्लाच्या हजाराव्या भागापर्यंत, मोजतात. मग कॉइलची जागा तेच घेतील का?

हातातल्या यंत्रात तरी मला तसे वाटत नाही. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ५० मायक्रोटेस्ला आहे. सेन्सर त्यात रेडियनच्या दहा लाखाव्या भागाने कलला तरी दिशा मोजणाऱ्या सेन्सरवर ५० पिकोटेस्लापर्यंत फरक पडतो, म्हणजे फेम्टोटेस्लाच्या हजारो पट. चालत्या माणसाचा हात याहून कितीतरी जास्त हलतो. शिवाय अडचण सेन्सरच्या नॉइजची नाहीच; अडचण माती आणि कचऱ्याची आहे. सेन्सर दसपट तीक्ष्ण केला तर कचराही दसपट स्पष्ट दिसेल.

जिथे सेन्सर जमिनीवर स्थिर ठेवता येतो तिथे मात्र चित्र वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओने विकसित केलेले लँडटेम हे स्क्विड (अतिशय थंड अतिवाहकातून बनवलेला चुंबकीय) सेन्सरवर चालणारे उपकरण खनिजांच्या शोधात प्रत्यक्ष वापरले गेले आहे. साधी कॉइल क्षेत्राच्या बदलण्याचा वेग मोजते, त्यामुळे फार संथ विरणारे सिग्नल तिच्या हातून निसटतात. स्क्विड क्षेत्रच मोजतो, म्हणून खोलवरची फार चांगली वीजवाहक खनिजे त्याला दिसतात.

ड्रोनचेही असेच. मॅग्नेटोमीटर लटकवलेला ड्रोन लोखंडी बॉम्ब शोधायला उत्तम. पण कॉइल जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर गेली की सहावा घात लगेच वसुली करतो. लहान सुरुंगांसाठी जमिनीलगत चालणारे हलके रोबो मला जास्त पटतात.

११ मे

थोडक्यात एक निरीक्षण. हे तंत्र सगळ्यात लवकर प्रगती करेल ते शेतात नाही, भंगार वेगळे करणाऱ्या पट्ट्यावर. तिथे माती नाही, अंतर ठरलेले, वेग ठरलेला, आणि वरून कॅमेऱ्याला वस्तू दिसते. २ मार्चचा पेच तिथे कॅमेराच सोडवतो : आकार डोळ्याने, टाइम कॉन्स्टंट कॉइलने, आणि मग वाहकता. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम असे वेगळे करता येते. तिथे घडलेले सर्किट आणि गणित स्वस्त होऊन मग शेतात उतरेल.

२५ मे

पुरातत्त्वाचा विचार मनात बरेच दिवस घोळतो आहे. २००९ मध्ये ब्रिटनमधला स्टॅफर्डशरचा सुवर्णसाठा एका हौशी डिटेक्टरवाल्याला सापडला, त्याने तो कळवला आणि अभ्यासकांनी जागेची रीतसर तपासणी केली. सगळीकडे असे होत नाही. वस्तू उपटली गेली की ती कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे कायमचे हरवते, आणि तीच खरी माहिती असते.

न खणता आकार आणि खोली सांगणारे यंत्र दोन्हीकडे चालेल. अभ्यासकाला ते वस्तू जागीच ठेवून नकाशा काढू देईल. लुटारूला कुठे फावडे मारायचे ते सांगेल. हा धोका मी हलका मानत नाही. म्हणून माझे मत असे, की यंत्राने प्रत्येक शोधाची जागा, खोली आणि वक्र आपोआप नोंदवावा, आणि वारसास्थळांच्या हद्दीत ते अभ्यासकांच्या परवानगीशिवाय चालू होऊ नये. याला पूर्ण बंदोबस्त म्हणता येणार नाही. पण जीएनएसएस यंत्रात येणारच आहे, तर त्याचा एवढा उपयोग करायलाच हवा.

८ जून

दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा ठरला.

ट्रान्समीटरची एकच मोठी कॉइल राहील. तिच्या आत छापील सर्किट बोर्डावरच्या लहान रिसीव्हर कॉइल, त्यांतल्या काही आडव्या आणि काही उभ्या, म्हणजे तिन्ही दिशांचा प्रतिसाद एकदम मिळेल. स्विच गॅलियम नायट्राइडचा. जागेसाठी जायरो, ॲक्सिलरोमीटर आणि खाली पाहणारा कॅमेरा. सिग्नल साठवण्याचा फाइल-फॉरमॅट खुला ठेवणार आहे, कारण वेगवेगळ्या मातींतल्या नोंदी एकत्र आल्याशिवाय कुठलेही वर्गीकरण भरवशाचे होणार नाही, आणि ते एका माणसाचे काम नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो यंत्राने काय बोलावे हे ठरवण्यात. आकड्यांचा पडदा नको, असे ठरले. उत्तरे तीन : ‘खणा’, ‘सोडा’ आणि ‘सांगता येत नाही’. तिसऱ्या उत्तराचा अर्थ सुरुंगाच्या शेतात नेहमी ‘खणा’ असाच धरायचा. ‘सोडा’ म्हणण्याची मर्यादा वापरणाऱ्याला बदलता येणार नाही; ती त्या जागच्या मातीत पुरून ठेवलेल्या ओळखीच्या नमुन्यांवर रोज सकाळी तपासली जाईल, आणि एक जरी नमुना चुकला तर त्या दिवशी यंत्र ‘सोडा’ म्हणणेच बंद करेल. उरलेला दिवस ते साध्या डिटेक्टरसारखे फक्त वाजेल.

रिसीव्हर बोर्डांचे आरेखन उद्यापासून. उभ्या कॉइल ट्रान्समीटरच्या क्षेत्रापासून किती अलिप्त ठेवता येतात ते आधी मोजायचे. पहिले ५ मायक्रोसेकंद वाचवायचे की नाही, ते त्यावर ठरेल.